राजीखुशीनं देते

आईला झटका आला आणि तिच्याजवळ एकच शब्द उरला. बरं.

पाणी हवं असलं तरी बरं, पाय दुखत असला तरी बरं, आणि मला शाळेतून यायला उशीर झाला की दारात बसून, रागानं लाल होऊन, बरं बरं बरं. उजवा हात आणि उजवा पाय जवळजवळ गेल्यातच जमा होते. तोंड एका बाजूला जरासं ओढलं गेलं होतं. डोळे मात्र टक्क जागे होते. डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या डाव्या बाजूला जिथून शब्द निघतात तिथं रक्त पोचलं नाही. अक्कल शाबूत आहे, माणसं ओळखतात, बोललेलं बरंचसं कळतं, फक्त शब्द हाताला लागत नाहीत. याला अफेजिया म्हणतात. नाव कळून मला काय उपयोग? मला एवढंच दिसत होतं की जी बाई जन्मभर सासूला, नवऱ्याला, मला, सगळ्यांना बरं म्हणत आली, तिच्या तोंडात देवानं नेमका तोच शब्द शिल्लक ठेवला. देवालाही चेष्टा करायला गरीबच माणूस सापडतं.

आम्ही दोघीच राहायचो, शहरातल्या छावणी भागात. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मी नवऱ्याचं घर सोडून आले होते ते कायमचंच. सकाळच्या शाळेत गणित शिकवत होते. माझा आवाज मोठा आहे आणि स्वभाव त्याहून मोठा, असं शाळेतली मंडळी माझ्या पाठीमागे म्हणायची. पाठीमागे म्हणायची म्हणजे खरंच असणार.

आईचं माहेर वैजापूरच्या बाजूला. तिथं तिचा एकुलता एक भाऊ, माझा मामा, कांद्याचा व्यापारी. आईपेक्षा मोठा, म्हणून आई त्याला दादा म्हणायची. आजोबांच्या जमिनीत दोघांचीही नावं होती. आता आमच्याकडची रीत अशी की कायदा काहीही म्हणो, बहिणीनं हिस्सा मागायचा नाही. वडील गेल्यावर कधीतरी भाऊ गाडी घेऊन येतो, बहिणीला साडी घेतो, पोटभर जेवू घालतो आणि निबंधकाच्या कचेरीत नेऊन हक्कसोडपत्र करून घेतो. बहीण अंगठा टेकवते किंवा सही करते, आणि तिचं माहेर चालू राहतं. दिवाळीचं बोलावणं येतं, भाऊबीज होते, आजारी पडली तर विचारणारं कुणीतरी असतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे असं कुणी तोंडानं म्हणत नाही. म्हणायची गरजच पडत नाही.

आईनं ती सही केलेली नव्हती. नाही असंही म्हणाली नव्हती. मामा विषय काढायचा तेव्हा ती म्हणायची, "बरं. बघू संक्रांतीनंतर." संक्रांत झाली की "बघू उन्हाळ्यात." असं करत तिनं कितीतरी संक्रांती ढकलल्या. का, ते मला कधी सांगितलं नाही. एकदा मेथी निवडता निवडता एवढंच म्हणाली होती, "तुलाबी कुठं तरी पाय टेकायला जागा पाहिजे." मी ते वाक्य गाठीला बांधून ठेवलं होतं. मग गावाजवळून मोठा रस्ता गेला, खडकाळ रानालाही भाव आला, मामाची मुलं मोठी झाली आणि मामाची घाई वाढली. नेमकी त्याच वर्षी आई मुकी झाली.

दवाखान्यातून घरी आणल्यावर थोड्याच दिवसांत, मी शाळेत असताना, मामा तिला गाडीत घालून कचेरीत घेऊन गेला. मला हे त्यानंच परत आल्यावर सांगितलं, आणि हसत हसत सांगितलं. साहेबानं तिला विचारलं, तुमचं नाव? आई म्हणाली, बरं. वडलांचं नाव? बरं. हे तुम्ही स्वतःच्या मर्जीनं लिहून देताय का? बरं. तुम्हाला इथं कुणी जबरदस्तीनं आणलंय का? त्यालाही बरं. साहेबानं कागद दुमडून मामाच्या हातात दिले आणि म्हणाला, बाईंना नीट बोलता येऊ द्या, मग आणा.

"साहेब येडा हाय," मामा म्हणाला. "बरं म्हंजी व्हयच की."

मी त्याला नाही नाही ते बोलले. मुकी बिचारी कुणीही हाका, असं चाललंय का, म्हणाले. मामानं ऐकून घेतलं. त्याचा हा गुण मला नेहमी घाबरवत आला आहे. मी ओरडते आणि तो खाली बघून ऐकतो, जणू पाऊस थांबायची वाट बघतोय. मग त्यानं आईच्या तोंडाच्या वाकड्या कोपऱ्यातून गळणारी लाळ आपल्या रुमालानं पुसली आणि म्हणाला, "साहेबाचंबी खरंच हाय. बोलती केली पाहिजे हिला."

आठ-पंधरा दिवसांत त्यानंच वाचाउपचार करणाऱ्या बाई शोधून काढल्या. शहागंजात, एका गादीवाल्याच्या दुकानावर त्यांची खोली होती. "लई चांगल्या हायेत. पर रोज न्यावं लागंल, सकाळी बी आन् दुपारी बी. सकाळी तू शाळेत, तवा मी नेत जाईन." मामाचा थोरला मुलगा शहरातच राहायचा. त्याच्याकडे मामानं मुक्काम ठोकला. ऐन कांद्याच्या दिवसांत व्यापार पोरांवर सोडून मोंढ्याच्या बाजारातला माणूस बहिणीसाठी शहरात येऊन राहिला, म्हणून सगळ्या नात्यात त्याचं कौतुक झालं. मला आनंद व्हायला हवा होता. मला भीती वाटली. पण डॉक्टरांनी बजावलं होतं की सुरुवातीचे महिने हातचे गेले तर पुढं फार कठीण. शाळा सोडून मला चालणार नव्हतं. मी हो म्हणाले.

त्या बाई तरुण होत्या, शहागंजातल्याच. जिना चढून आल्या की बुरखा खुंटीला अडकवायच्या, केस घट्ट बांधायच्या आणि कुस्तीला उतरल्यासारख्या आईसमोर बसायच्या. बोलणं आमच्यासारखंच, मधूनमधून घरची दखनी. थोडं थोडं करून भागत नाही, असं त्यांचं म्हणणं. "ठिबकनं नाही होणार, पाट सोडावा लागतो," असं त्यांनी पहिल्याच दिवशी मामाला सांगितलं, आणि शेतकऱ्याचं पोर असल्यामुळे मामाला ते एकदम पटलं. रविवार सोडून रोज, सकाळभर, मध्ये चहा, आणि ऊन उतरेपर्यंत पुन्हा. आई थकून मान टाकायची. बाई पाणी पाजायच्या आणि पुन्हा चित्र समोर धरायच्या. कप. चप्पल. कुलूप. आई कुलपाकडे बघायची, ओठ हलवायची, कपाळावर घाम यायचा आणि शेवटी बरं यायचं. मला राहवायचं नाही, मी म्हणायची, "कु… कुलू…" की बाई माझ्याकडे डोळे वटारायच्या.

"ताई, तुम्ही शब्द दिला की मावशींचा शब्द मेला. थांबा."

थांबणं ही माझ्या स्वभावात नसलेली गोष्ट. मी ओढणीचं टोक दातात धरून बसायची.

एक मात्र विलक्षण होतं. जे पाठ झालेलं होतं ते आईच्या तोंडून धडाधड यायचं. बाईंनी बे एके बे सुरू केलं की आई बे दाहे वीसपर्यंत न अडखळता म्हणायची. लगेच दोन बोटं वर करून किती, विचारलं की बरं. पाढा म्हणता येणं वेगळं आणि हिशेब येणं वेगळं, हे मी वर्गात ओरडून सांगत आले होते. आता आईकडे बघून मला त्याचा अर्थ कळत होता आणि तो मला आवडत नव्हता. चालीत घातलं की शब्द यायचे, म्हणून बाई आईचा डावा हात आपल्या हातात घ्यायच्या, एकेका अक्षराला टेबलावर हलकेच आपटायच्या आणि गुणगुणत वाक्य म्हणून घ्यायच्या. रोजच्या उपयोगाची दोन-चार वाक्यं घरच्यांनीच निवडून द्यायची, त्यांच्या घरच्या बोलीतली, अशी त्यांची पद्धत होती. मी दिलं होतं, "पाणी दे." अजून ते जमत नव्हतं.

परीक्षेचे दिवस होते म्हणून एकदा शाळा लवकर सुटली. मी सरळ शहागंजात गेले. खाली गादीवाला कापूस पिंजत होता, जिन्यात तंतू उडत होते. अर्ध्या जिन्यात असताना मला वरून आईचा आवाज आला. आईचा खरा आवाज. कित्येक महिन्यांत न ऐकलेला, जुना, थोडा घोगरा. मी धावत उरलेल्या पायऱ्या चढले आणि मग शब्द ऐकू आले.

"रा-जी-खु-शी-नं दे-ते."

डावा हात टेबलावर ताल धरत होता. आईनं मला पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला, शाळेत बक्षीस मिळालेल्या मुलीसारखा. बघ, मी बोलतेय. बाई हसत होत्या. मामाच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते खोटं नव्हतं. "पुन्यांदा म्हण, बाय," तो म्हणाला, आणि आईनं पुन्हा म्हटलं.

मी पिशवी खाली ठेवली आणि विचारलं, "आई, चहा घेणार?"

"राजीखुशीनं देते," आई म्हणाली, आणि स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन हसली.

ज्याला हे शब्द माहीत नसतील त्याला सांगते. आमच्याकडे जमिनीच्या प्रत्येक कागदात हे असतं. राजीखुशीनं, अक्कलहुशारीनं, कुणाच्या दबावाखाली न येता लिहून देत आहे. माणूस रडत अंगठा देत असला तरी वर हेच लिहिलेलं असतं.

मी मामाला जिन्यात गाठलं. काय शिकवतोस तू तिला, म्हणाले. लाज नाही वाटत? त्यानं पुन्हा खाली बघून ऐकून घेतलं. एक बाई कडेवर पोर घेऊन वर चढत होती, तिला त्यानं भिंतीला चिकटून वाट करून दिली. मग हळू आवाजात म्हणाला, "तुझ्या आईच्या तोंडातून पयलं वाक्य निघालं आन् तू भांडतीस. तिच्या मनातलंच मी तिच्या तोंडात घातलंया. ती कवा मला नाय म्हणली होती का? आन् एक सांगू? ती गेल्यावर तुला कोन हाय? आमीच ना." माझ्या खांद्यावर हात ठेवून तो खाली उतरला. त्या हाताचा भार मला संध्याकाळपर्यंत जाणवत होता. तो मायेनं बोलला की धमकी देऊन गेला, मला ठरवता आलं नाही. बहुतेक त्यालाही आलं नसतं.

बाईंना मी सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी हातातली चित्रं खाली ठेवली. "मला तर म्हणाले, मावशींच्या हातून देवीला साडी द्यायची आहे, तेव्हा म्हणायचंय. मला वाक्य आवडलं, ताई. चालीत बसत होतं."

"पुसून टाका आता."

"पाटी थोडीच आहे? बसलं ते बसलं. घाबरल्या, दमल्या की हेच आधी येणार. त्याच्या शेजारी दुसरं काही लिहिता आलं तर बघू."

दुसरं म्हणजे नाही. नकार. आईला नाही म्हणता आलं पाहिजे, मग ती हो म्हणाली तरी मी तोंड मिटून घेईन, असं मी बाईंना सांगितलं आणि मनापासून सांगितलं. दुपारच्या वेळी, मामा निघून गेल्यावर, आम्ही दोघी आईच्या मागे लागलो. बाई केळं हातात धरून विचारायच्या, हा आंबा आहे? आई म्हणायची, बरं. मी तिला समोर बसून विचारलं, मी तुझी सासू आहे का? ती खुदकन हसली आणि म्हणाली, बरं. मान हलवायची तीही भलतीकडे. कळत होतं, डोळ्यांत दिसत होतं की कळतंय, पण नाही हा शब्दच जणू तिच्या घरात कधी नव्हता. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

एकदा बाई म्हणाल्या, "आठवा, ताई. आजारपणाआधी मावशी नाही कधी म्हणायच्या? कुठं? कुणाला?"

मी खूप आठवलं. एवढ्या वर्षांत आई कुणाला नाही म्हणाल्याचं मला आठवेना. मग एकदम आठवलं, पंगतीत. कुणी आग्रह करकरून वाढायला लागलं की ती ताटावर हात आडवा धरायची, बोटं पसरून, आणि म्हणायची, नको, नको, खरंच नको. तेवढाच तिचा नकार. तिथं ती पक्की असायची, बोटांवर वरण सांडलं तरी हात काढायची नाही.

"नक्को," बाई टाळी वाजवून म्हणाल्या. "आमच्याकडे पण तेच. एक क जास्त."

दुसऱ्या दिवसापासून मी शहागंजात ताट, भात आणि वाढणी घेऊन जायला लागले. कपाच्या चित्रांच्या टेबलावर ताट मांडायचं आणि आईला आग्रह करायचा. बाईंच्या घरून कधी खीर यायची, कधी खिचडी. आई जेवायची, पोट भरायचं, आणि मी थांबायची नाही. अजून घे. एवढंसं घे. माझी शपथ. कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, म्हातारीला छळतायत. आधी हात आला. डावा हात उठला आणि ताटावर आडवा पसरला, जसाच्या तसा. बाईंनी माझा दंड एवढा दाबला की वळ उठला. आवाज यायला त्यानंतर पुष्कळ वेळ लागला. एका दुपारी मी तिच्या बोटांवरच भाताची मूद उलटी केली तेव्हा ती चिडली आणि म्हणाली, "न… नको!"

मी रडले. बाईही रडल्या. आई आम्हा दोघींकडे बघत बोटांवरचा भात झटकत होती.

पण ते नको ताटाच्या काठापलीकडे जाईना. ताट हवं, वाढणारं हवं, तरच कधीमधी यायचं. आणि तिकडे सकाळी मामा ते राजीखुशीचं वाक्य घोटून घेतच होता. बाईंनी त्याला आता शिकवायचं नाही म्हणून सांगितलं होतं, तर तो जाता-येता गाडीत म्हणून घ्यायचा. आई मला घरात दिसली की आनंदानं ते म्हणायची. त्या चार भिंतींत मला ते वाक्य नकोसं व्हायचं, आणि ते म्हणताना ती इतकी सुखी दिसायची की गप्प बस म्हणायची माझी छाती होत नव्हती.

एक दिवस मामा म्हणाला, "उद्या जाऊ. तूबी चल, म्हंजी मागून बोलाया नगं."

"चला," मी म्हणाले. "विचारू दे साहेबाला. ती जे सांगेल ते मी मानीन." माझा बाणा मोठा होता. पण सकाळी निघताना मी पिशवीत एक स्टीलचं ताट टाकलं. शहाणं माणूस कचेरीत ताट घेऊन जात नाही, हे मला तेव्हाही कळत होतं.

आईनं नवी साडी नेसली होती, मामानं आणलेली, हिरवी. रस्ताभर ती खिडकीतून बघत होती. लासूर मागे पडलं तसं तिला ओळखीचं दिसायला लागलं आणि ती डावा हात काचेवर ठेवून बरं, बरं म्हणत राहिली. माहेरचा रस्ता. मामा पुढच्या सीटवरून मान वळवून तिला दाखवत होता, ते बघ, तिथं तू पडली होतीस लहानपणी, ती बघ चिंच. मी ताटाची पिशवी मांडीवर घट्ट धरून बसले होते.

कचेरीत गर्दी होती. लग्नाळू पोरं, म्हातारे, वकिलांचे कारकून. साहेब तोच होता. त्यानं आईला ओळखलं आणि खुर्ची द्यायला सांगितली. माणूस वाईट नव्हता. त्यानं सावकाश विचारलं, "आजी, ही जमीन तुम्ही भावाला सोडताय. तुमची मर्जी आहे का?"

आईनं साहेबाकडे पाहिलं, मग मामाकडे, मग माझ्याकडे. तिच्या गळ्याची शीर हलताना मला दिसली. आणि वाक्य आलं, स्वच्छ, खणखणीत, एकही अक्षर न अडखळता.

"राजीखुशीनं देते."

मामानं डोळे मिटून श्वास सोडला. साहेबानं मान डोलावली. कारकुनानं अंगठ्याचं यंत्र पुढं सरकवलं आणि म्हणाला, "डावा अंगठा ठेवा." माझा हात पिशवीत ताटावर होता. ते बाहेर काढावं की नाही हेच मला ठरवता येईना. मी त्या क्षणी संपले होते.

आईचा डावा हात उठला आणि त्या यंत्रावर आडवा पसरला. तळवा खाली, बोटं फाकलेली. कारकून म्हणाला, "असा नाही, आजी, अंगठा." त्यानं हात उचलायला बघितलं तर तो उचलेना. तोंडानं ती म्हणतच होती, राजीखुशीनं देते, राजीखुशीनं देते, आता भराभर, थांबता न येऊन, डोळे विस्फारलेले, आणि हात तसाच यंत्रावर दाबून धरलेला. त्या खोलीत असा एकही माणूस नव्हता ज्यानं पंगतीत तो हात पाहिला नव्हता. रांगेतला एक फेटेवाला म्हातारा म्हणाला, "सायेब, बाई नको म्हनतीया की."

साहेब त्या हाताकडे बघत म्हणाला, "तोंड एक सांगतंय आणि हात एक सांगतोय. मी कुणाचं लिहू?"

"हाताचं," मी म्हणाले.

"हाताचं लिहायला इथं जागा नाही, मॅडम. पण असा अंगठा मी घेणार नाही. पूर्ण बोलत्या झाल्या की आणा."

मी जिंकले होते. मला असं वाटलं होतं की जिंकल्यावर बरं वाटेल. परतीच्या वाटेवर मामानं गाडी थांबवली, आईसाठी उसाचा रस आणला आणि ग्लास स्वतः तिच्या ओठांना लावून पाजला. छावणीत आम्हाला उतरवताना म्हणाला, "भीड न्हाई ऱ्हायली आता. तुझं माहेर तूच सांभाळ." हे तो मला म्हणाला की आईला, कळलं नाही. त्यानंतर तो आला नाही, फोनही नाही.

मी शाळेत दुपारची पाळी मागून घेतली आणि सकाळी आईला शहागंजात न्यायला लागले. बाईंनी पुन्हा कप, चप्पल, कुलूप काढलं. पाणी दे आलं. नको हळूहळू ताटावरून उठून अंथरुणापर्यंत आलं. पण ते राजीखुशीचं वाक्य गेलं नाही. फक्त त्याच्यातला आनंद गेला. आई घाबरली की ते यायचं. कुत्रं अंगावर भुंकलं, राजीखुशीनं देते. सुई टोचायला नर्स आली, राजीखुशीनं देते. नर्सला हसू आलं. मी आईचा हात धरून ठेवला.

दिवाळीच्या आत आई सकाळी उठून दाराकडे बघत बसायला लागली. भाऊबीजेच्या दिवशी तिनं एका हातानं सगळी तयारी केली. ताम्हन, निरांजन, सुपारी, अक्षता. अक्षता सांडल्या, त्या पुन्हा एकेक गोळा केल्या. पाट मांडला आणि समोर बसली. दुपार झाली. मी म्हणाले, "आई, तो येणार नाही. जेव." ती उठली नाही. मी पुन्हा म्हणाले, जरा मोठ्यानं, माझ्या नेहमीच्या आवाजात. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी मागे सरले. ओठ थरथरले. मी बाईंनी शिकवल्याप्रमाणे थांबले, काही सुचवलं नाही.

"दा… दा."

हा शब्द कुठल्याच चित्रावर नव्हता. कुणी घोटून घेतला नव्हता, कुणी चालीत घातला नव्हता. तिनं तो स्वतःचा स्वतः, कुठून तरी खणून काढला होता. "दादा," ती पुन्हा म्हणाली, आणि रिकाम्या पाटावर हात आपटला.

मला इतका आनंद झाला की मी तिच्या पायाशीच बसले. नंतर आनंद उतरत गेला. कचेरीत मी जे केलं ते बरोबरच केलं, उद्या पुन्हा वेळ आली तर तेच करीन. पण तिच्या मनातलं तिच्या तोंडून यावं म्हणून मी जगाशी भांडत होते, आणि ते आलं होतं. आता माझ्या मर्जीतलं नाही म्हणून ते ऐकलंच नाही असं कसं करू?

मी मामाला फोन लावला आणि आवाज मोठा करून आईसमोर धरला. पलीकडून तो म्हणाला, "कोन?"

"दादा," आई म्हणाली.

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. तो रडत होता. ते रडणं खरं होतं, अजूनही माझी तशीच खात्री आहे. "बाय माझी," तो म्हणाला, "बोलाया लागलीस की गं." आईचा अर्धा चेहरा हसत होता, दुसऱ्या अर्ध्यानं हसायचा प्रयत्न चालवला होता.

मग त्यानं घसा साफ केला आणि माझ्याशी बोलायला लागला.

"साहेबानं म्हणलंच होतं, बोलती झाली की आणा. मंग, गाडी कवा आणू?"

मी आईकडे पाहिलं. आई फोनवर झुकली होती आणि डाव्या हातानं मला पुन्हा पुन्हा खुणावत होती, सांग त्याला, सांग, लगेच ये म्हणून.